पेठेत नवं बांधकाम आणि वारसा परवानगी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेपासून पन्हाळ्यापर्यंतच्या घरमालकांकडून, भाडेकरूंकडून आणि तालमीच्या कार्यकर्त्यांकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. तेच उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या सिटी सर्व्हे नंबरला नेमकं काय लागू आहे, ते नगररचना विभागाकडून लेखी घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेलं उत्तर पुढं कुणी मान्य करत नाही.

१. आमचं घर शंभर वर्षांचं आहे. म्हणजे ते आपोआप हेरिटेज झालं का?

नाही. घराचं वय ही एक गोष्ट आणि वारसा यादीतली नोंद ही दुसरी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजे एमआरटीपी कायद्यानुसार वारसा इमारत म्हणजे नियोजन प्राधिकरणानं तशी जाहीर केलेली इमारत. कोल्हापुरात हे प्राधिकरण म्हणजे महापालिका. त्यामुळं आजोबांच्या आजोबांनी बांधलेला वाडा यादीबाहेर असू शकतो आणि त्याहून पुष्कळ तरुण इमारत यादीत. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३० च्या दशकातला आहे, तरी त्याचं वारसामूल्य कुणी नाकारत नाही.

कायद्यात ‘वारसा परिसर’ अशीही संज्ञा आहे. एखादा भाग परिसर म्हणून जाहीर झाला की त्यातली तुमची साधी चाळ किंवा मोकळी जागासुद्धा नियमांच्या कक्षेत येते. नव्या बांधकामाचे बहुतेक वाद इथंच सुरू होतात.

२. आमची जागा यात येते की नाही, हे कुठं आणि कसं कळेल?

प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा जोडून नगररचना विभागात अर्ज द्या. फक्त झोन दाखला मागू नका. महापालिकेच्या वारसा यादीत इमारत किंवा परिसर म्हणून नोंद आहे का, जवळ केंद्र किंवा राज्य सरकारचं संरक्षित स्मारक आहे का, रस्तारुंदीची रेषा कुठून जाते आणि पूररेषेचा संबंध येतो का, हे चारही मुद्दे एकाच अर्जात विचारा. घरफाळ्याची पावती या कामाला पुरत नाही. तिच्यावरून कर कोण भरतं एवढंच ठरतं.

हे सगळं आर्किटेक्टला नकाशा काढायला सांगण्याआधी करायचं. नकाशा तयार झाला, बिल्डरशी करार झाला, दोन फ्लॅट विकलेसुद्धा, आणि मग कळलं की जागा परिसरात आहे, असं झालं की नियमांपेक्षा आपल्याच घाईचा त्रास जास्त होतो.

३. श्रेणी एक, दोन, तीन म्हणजे काय?

पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू असतात. तिथं मजबुतीसाठी लागेल तेवढाच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू येतात. आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरच्या रूपाची मात्र काटेकोर तपासणी होते. त्याच आवारात जोडइमारत उभी करायची तर उंची आणि दर्शनी भाग मूळ वास्तूशी जुळावा लागतो. तिसरी श्रेणी गल्लीला, चौकाला चेहरा देणाऱ्या इमारतींची. इथं सगळ्यात जास्त मोकळीक असते.

श्रेणी यादीत छापलेली असते. ‘आमची तिसरीच असणार’ या भरवशावर राहू नका.

४. परवानगी देतं कोण? वारसा समिती की आयुक्त?

सही आयुक्तांची, सल्ला समितीचा. वारसा संवर्धन समितीत वास्तुरचना, अभियांत्रिकी, इतिहास अशा क्षेत्रांतले जाणकार असतात. अर्ज नेहमीसारखा नगररचना विभागात जातो आणि तिथून समितीकडं. समितीची शिफारस डावलायची असेल तर आयुक्तांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. म्हणून समितीसमोर आपली बाजू नीट मांडण्यात खरी कमाई आहे. नुसता नकाशा पाठवू नका. जागेचे आणि आजूबाजूच्या घरांचे फोटो द्या, आणि शक्य असेल तर बैठकीला स्वतः हजर राहा.

५. परिसरात आमची मोकळी जागा आहे. तिथं नवी इमारत बांधता येते का? किती मजल्यांची?

येते. वारसा परिसर म्हणजे बांधकामबंदी, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बंदी येते ती संरक्षित स्मारकाच्या अगदी जवळ, त्याचं उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे. परिसरात नव्या इमारतीला एकच प्रश्न विचारला जातो: शेजाऱ्यांच्या रांगेत ही उभी राहिली की रांग टिकते का?

मजल्यांचं सरसकट उत्तर नाही. ३ डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते) आणि रस्त्याची रुंदी यांवरून एक कमाल मर्यादा ठरते. वारसा परिसरात त्या मर्यादेच्या आत आणखी काटछाट होऊ शकते. ‘नियमात एवढा एफएसआय बसतो, मग द्यायलाच हवा’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. एफएसआय ही वरची मर्यादा आहे, हक्काची शिधापत्रिका नव्हे.

आता रांग म्हणजे नेमकं काय, तर कुठल्याही जुन्या पेठेतल्या गल्लीत उभं राहून खालून वर बघत जा. खाली काळ्या दगडाचं जोतं. त्याला लागून संध्याकाळी चार माणसं टेकतील एवढा ओटा. मग सोप्याचा दरवाजा, खिडक्या रुंदीला कमी आणि उंचीला जास्त. वर माडीची लाकडी गॅलरी आणि उतरतं कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर. शेजारशेजारच्या घरांचे जोते वीतभर वरखाली असतील, पण गॅलरीची पट्टी साधारण एका रेषेत जाते. नव्या इमारतीनं ही रेषा धरली, तर तिसरा मजला थोडा मागं घेऊन चढवलेला खटकत नाही. आणि रेषा तोडली तर दोन मजलेही डोळ्यांवर येतात.

पार्किंग हा यातला खरा खलनायक. तळमजला खांबांवर मोकळा सोडला की ओटाही जातो, दुकानही जातं, आणि गल्लीला समोरून अंधारी पोकळी दिसते. छोट्या प्लॉटवर पार्किंग आत किंवा मागं परड्यात कसं नेता येईल, याची चर्चा नकाशा देण्याआधीच करा. वारसा जपण्यासाठी खरोखर गरज असेल तर सामासिक अंतरासारख्या (हद्दीपासून मोकळं सोडायच्या जागेसारख्या) अटी शिथिल करायची तरतूद आहे. पण ती मागावी लागते, कारणांसह.

एक सवय लावून घ्या. अर्जासोबत रस्त्याकडच्या बाजूचं असं रेखाचित्र द्या, ज्यात दोन्हीकडची निदान दोन-दोन घरंही त्याच मापात काढलेली असतील. नियम मागो वा न मागो. समितीचा निम्मा संशय त्या एका कागदानं जातो.

६. जुन्यासारखं डिझाइन केलं, कमानी लावल्या, की लगेच मंजूर होतं ना?

याची हमी नाही, आणि नसावीच. आरसीसीच्या डब्यावर फायबरच्या कमानी, वर सिमेंटच्या जाळ्या आणि दगडासारख्या टाइल्स चिकटवल्या की वाडा होत नाही, लग्नाचा सेट होतो. साध्या भिंतीची, प्रमाणात खिडक्या असलेली, उंची सांभाळून बांधलेली आजची इमारत जुन्या गल्लीत जास्त शोभते. नवी इमारत नवी म्हणून ओळखू यावी आणि तरीही शेजाऱ्यांवर ओरडू नये, हे संवर्धनाचं जगभर मानलं गेलेलं तत्त्व आहे. समितीतल्या प्रत्येकाला ते पटेलच असं नाही. कमानींचा आग्रह धरणारेही भेटतात. तेव्हा प्रश्न ५ मधलं रेखाचित्र उपयोगी पडतं.

७. अंबाबाई मंदिराच्या किरणोत्सवामुळं आमच्या गच्चीवर आक्षेप येतो. आमचं घर तर मंदिरापासून लांब आहे!

लांब असलं तरी येऊ शकतो, आणि त्यामागं साधं भूमितीचं गणित आहे. नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ तारखेच्या आसपास आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण पश्चिमेच्या महाद्वारातून, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हा क्रम. सूर्य अगदी क्षितिजालगत असतो. तो तीन अंश वर आहे असं धरलं, तर किरणांची रेषा दर शंभर मीटरला जेमतेम पाच मीटर वर चढते. दोनशे मीटरवरच्या घरानं या वाटेत साधारण दहा मीटर उंची ओलांडली की अडथळा झाला. मग तो चौथा मजला असो, पाण्याची टाकी असो, नाहीतर जाहिरातीचा फलक.

म्हणून या पट्ट्यात इमारतीच्या उंचीइतकंच लक्ष गच्चीवर काय काय चढतं याकडं असतं. नकाशात गच्चीवरची टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची खोली आणि सौर पॅनल उंचीसह दाखवा. शक्य असेल तर हे सगळं किरणांच्या वाटेच्या बाहेरच्या कोपऱ्यात घ्या. कागदावर मंजूर उंची एक आणि गच्चीवर नंतर उभारलेली पत्र्याची शेड दुसरी, यातूनच दरवर्षी धावपळ होते. ढग आणि धूळ आपल्या हातात नाहीत, टाकी तरी आहे.

८. नुसता रंग द्यायचा किंवा दुकानाचा बोर्ड बदलायचा, त्यालाही परवानगी?

यादीतली इमारत असेल तर हो. वारसा नियमांत दुरुस्ती, गिलावा, रंगकाम, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं आणि कुठलाही भाग पाडणं, या सगळ्याला पूर्वपरवानगी लागते. साध्या इमारतीला रंगासाठी कुणी विचारत नाही, त्यामुळं लोकांना हे पटत नाही. पण दगडी भिंतीवर तैलरंग मारला की भिंतीतली ओल आतच कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. परवानगी मागायला लावतात ती यासाठी.

९. वाडा पडायला आलाय, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलीय. आता पाडून नवीन बांधायला कोण अडवणार?

नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. तिचा उद्देश धोका दूर करणं. धोका टेकू देऊन, भाग उतरवून किंवा दुरुस्ती करूनही दूर होतो. इमारत यादीत असेल तर पाडण्याआधी वारसा समितीचं मत येतंच. यादीत नसेल आणि नोटिशीत पाडायला सांगितलं असेल, तर पाडता येतं. पण नवीन बांधायला नवा अर्ज, नवे नियम. जुन्या घराचा आकार आपोआप परत मिळत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिट स्वतःहून करून घ्या. तीस वर्षांहून जुन्या इमारतींसाठी कायद्यातच तशी तरतूद आहे. आणि हा अहवाल जुनं लाकूडकाम कळणाऱ्या अभियंत्याकडून घ्या. कडीपाटाच्या तुळईला वाळवी लागली म्हणजे सगळा वाडा गेला असं नसतं, तुळई बदलता येते. कौलं उतरवून दोन पावसाळे वाट बघायची आणि मग ‘धोकादायक’ म्हणायचं, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, नगररचनेलाही.

१०. वारशाची इमारत आगीत गेली किंवा कोसळली तर तशीच्या तशी बांधायची का?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीनंतर हा प्रश्न कोल्हापुरात प्रत्येकानं विचारला. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री जळालं, आणि ते मूळ रूपात उभारायचं ठरलं. ते सार्वजनिक होतं, त्याची छायाचित्रं होती, त्यात गावाचा जीव होता. खासगी घराच्या बाबतीत समिती साधारणपणे उरलेल्या भागाचा दर्जा, उपलब्ध नकाशे-फोटो आणि श्रेणी बघून ठरवते. तेव्हा इमारत धडधाकट असतानाच तिची मापं घेऊन, फोटो काढून ठेवा. अग्निशमन, वायरिंग आणि बाहेर पडण्याच्या वाटा मात्र आजच्या नियमांनीच कराव्या लागतील. त्यात जुन्याचा आग्रह धरू नये.

११. वारशापायी आमचा एफएसआय बुडतो. त्याची भरपाई कोण देणार?

तक्रार रास्त आहे. शेजारच्या यादीबाहेरच्या प्लॉटवर पाच मजले उठतात आणि यादीतला मालक कौलं बदलत बसतो. नियमांत यावर हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची वाट आहे. न वापरता आलेलं क्षेत्र विकास हक्क प्रमाणपत्रानं दुसरीकडं विकता येतं. भाव बाजारावर ठरतो. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मालकी स्वच्छ लागते, आणि सात भावांच्या नावावरच्या वाड्याचं घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं.

१२. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं ना?

एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे, पण तिच्या जिवावर पाया खणू नका. साठ दिवस अर्जापासून किंवा कार्यालयानं काढलेल्या त्रुटीला तुम्ही उत्तर दिल्यापासून, यातलं जे नंतरचं तिथून मोजतात. शिवाय प्रस्ताव सगळ्या नियमांत तंतोतंत बसत असेल तरच मानीव परवानगी लागू होते. वारसा शिफारशीची गरज असताना ती घेतलेलीच नसेल, तर ‘तंतोतंत’ म्हणणं अवघड.

१३. परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या. पुढं काय?

आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत एमआरटीपीच्या कलम ४७ खाली राज्य सरकारकडं अपील. हे अपील फक्त अर्जदाराला करता येतं. त्याआधी आदेशातली कारणं नीट वाचा. बऱ्याचदा नकार सगळ्या इमारतीला नसतो, एका मजल्याला किंवा दर्शनी भागाला असतो. सुधारित नकाशा हा अपिलापेक्षा स्वस्त आणि जलद मार्ग.

उच्च न्यायालयात जायचं झालं तर आता मुंबईची वारी नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत बसतं. जुन्या वास्तूला नवा वापर कसा देतात हे बघायचं असेल तर तारीख नसली तरी एकदा बाहेरून बघून या.

१४. शेजाऱ्यानं परिसराचं रूपच बिघडवलंय. आम्ही काय करू शकतो?

आधी खात्री करा की त्याच्याकडं परवाना आहे की नाही. माहिती अधिकारात मंजूर नकाशा मागा. परवाना नसेल किंवा काम नकाशाबाहेरचं असेल तर एमआरटीपीच्या कलम ५३ खाली कारवाईसाठी लेखी तक्रार करा. खोटी माहिती देऊन परवाना घेतला असेल तर तो रद्द होऊ शकतो. परवाना नियमात असेल आणि तुम्हाला नुसता आवडला नसेल, तर अपिलाचा हक्क तुम्हाला नाही, प्रश्न १३ बघा.

वेळ महत्त्वाची. परवाना मागं घेण्याची किंवा बदलण्याची कलम ५१ ची ताकद बांधकाम बरंच पुढं गेल्यावर वापरता येत नाही. स्लॅब पडल्यावर तक्रार करणाऱ्यांना फक्त फोटो काढता येतात.

१५. पन्हाळ्यावर किंवा खिद्रापुरात कोपेश्वराजवळ घर आहे. तिथं महापालिकेचे नियम नाहीत, मग सोपं असेल ना?

उलट. पन्हाळ्याच्या वास्तू आणि कोपेश्वर मंदिर ही केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकं व पुरातत्त्वीय स्थळं कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र. तिथं नवं बांधकाम नाही. त्यापुढं २०० मीटर विनियमित क्षेत्र. तिथं राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर परवानगी मिळू शकते. अंतर स्मारकाच्या कळसापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात. घोळ नेहमी इथंच होतो.

प्रतिबंधित क्षेत्रात दुरुस्ती करता येते, पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं किंवा नंतर रीतसर मंजुरीनं बांधलेलं असावं लागतं. घर तेव्हाचं आहे हे सिद्ध करणारे कागद आत्ताच शोधून ठेवा: जुनी घरफाळा नोंद, वीज जोडणी, असेसमेंट उतारा. अर्जाच्या टप्प्यांना कायद्यानं मुदती घातल्यात: सक्षम प्राधिकाऱ्यानं १५ दिवसांत अर्ज पुढं पाठवायचा, प्राधिकरणानं २ महिन्यांत मत द्यायचं, नंतर १ महिन्यात निर्णय. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पन्हाळ्यावर सज्जा कोठी, तीन दरवाजा, अंबरखाना अशा वास्तू विखुरलेल्या आहेत, त्यामुळं ही वर्तुळं एकमेकांवर चढतात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा ‘आता घरं पाडणार’ अशी भीती पसरली. युनेस्को कुणाच्या घरावर नोटीस लावत नाही. बंधनं येतात ती वर सांगितलेल्या कायद्यातून आणि स्थानिक नियमांतून, आणि ती आधीपासूनच होती. मात्र आता प्रस्तावांकडं जास्त डोळे लागलेले असतील हे खरं.

१६. पंचगंगेकाठी जुनं घर आहे. वारशाचे आणि पूररेषेचे नियम एकमेकांच्या विरोधात जातात तेव्हा काय?

जातातच. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नव्या बांधकामाचं जोतं लाल पूररेषेच्या (मोठ्या पुराच्या पातळीच्या) वर घ्यायला सांगतात, आणि वारसा समिती म्हणते जोत्याची रेषा शेजाऱ्यांइतकी ठेवा. सुरक्षिततेचा नियम वाकत नाही. मधला मार्ग म्हणजे उंचवटा दगडी जोत्यात आणि पायऱ्यांत दिसू द्यायचा. घाटाकडच्या घरांचं जोतं पूर्वीपासून उंच असतंच. निळ्या, म्हणजे नदीला जास्त जवळच्या, पूररेषेच्या आत मोकळ्या जागेवर नव्या घराची आशा धरू नका. अधिकृत जुन्या घराच्या पुनर्बांधणीची शक्यता पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीवर अवलंबून असते.

१७. देऊळ किंवा तालीम नव्यानं बांधायची आहे. लोकवर्गणीचं काम आहे, त्यालाही हेच?

हेच. यादीतल्या धार्मिक वास्तूत धर्मशास्त्रानं किंवा प्रथेनं आवश्यक असलेले बदल ग्राह्य धरतात, पण मूळ रचनेशी सुसंगत असतील तरच. ग्रॅनाइट आणि स्टीलचा कठडा कुठल्याच पोथीत सांगितलेला नाही. तालमींच्या बाबतीत खाली लाल मातीचा हौद, वर हॉल आणि पुढं गाळे असा प्रस्ताव सहसा येतो. गाळे आले की व्यापारी वापर आला आणि पार्किंगचा हिशोब बदलला.

१८. वाड्यात जुने भाडेकरू आहेत. वारसा परवानगी मिळाली की ते आपोआप निघतात का?

नाही. दोन्हींचा संबंध नाही. त्यांचे हक्क महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली वेगळे चालतात. त्यांना विश्वासात न घेता पुढं गेलात तर काम नकाशावरच राहतं.

१९. पाया खणताना जुनी नाणी, मूर्ती, भांडी सापडली तर गुपचूप ठेवायची की सांगायची?

सांगायची. १८७८ च्या भारतीय निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण कायदा लागू आहे. काम तिथल्या तिथं थांबवा, वस्तू धुऊ-पुसू नका, किती खोलीवर सापडली याचा टेपसह फोटो काढा. ब्रह्मपुरीच्या टेकडीतून सातवाहन काळातली वस्ती आणि रोमन जगाशी नातं सांगणारी समुद्रदेवाची कांस्यमूर्ती बाहेर आली, ती आज टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती धुवून देव्हाऱ्यात ठेवली असती, तर कोल्हापूरचा व्यापार रोमपर्यंत पोचल्याचा पुरावा कुणाला मिळाला नसता. तुमचं बांधकाम यात कायमचं अडकतं का? सहसा नाही. पण किती दिवस थांबावं लागेल, हे काय सापडलं त्यावर ठरतं.